दोनदा पडलेली साखर

माझ्या मेव्हण्याने आयुष्यात बऱ्याच जणांना मारलं. मला एकदाच मारलं, एकच थप्पड. त्या थपडेपायी हजारावर बाटल्या फुटल्या आणि त्याचा एक डोळा गेला. तो वारल्यावर आमचा बागवाल्यांचा गट चालवणाऱ्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "त्याच्यावर दोन पानं लिहून द्या. त्याला तुमच्याइतकं कोण ओळखत होतं?" मला लिहायची सवय नाही, आणि जे लिहीन ते त्याच्या योग्यतेचं होईल असंही वाटत नाही. पण दुसऱ्या कुणी लिहिलं तर तो मऊ स्वभावाचा होता असं लिहील. मेल्यावर माणसं तसंच लिहितात. तो मऊ नव्हता.

त्याला सगळे आग्या म्हणत. आग्या मोहोळ उठावं तसा उठायचा म्हणून. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती. माझी बायको, म्हणजे त्याची धाकटी बहीण, त्याला दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणायचो. तो मला दाजी म्हणायचा आणि कितीही तापला तरी अहोजाहो सोडायचा नाही. बहिणीचा नवरा हा एवढा एकच प्राणी त्याने जगात वर्ज्य धरला होता.

टेकडीच्या उतारावर त्याची वडिलांपासूनची द्राक्षबाग होती आणि बागेच्या पायथ्याशी दगडी तळघर. छापखाना बंद पडून माझी नोकरी गेली तेव्हा त्याने मला कामावर घेतलं. "दाजी घरी बसले तर बहीण माझ्या डोक्यावर बसेल," एवढंच म्हणाला. पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्यासमोर टोपणं विकणाऱ्या फिरत्या विक्रेत्याची पेटी लाथेने उडवली, कारण माणसाने टोपणं गंजकी आणली होती आणि वर "चालतात हो" म्हणाला होता. पेटीपाठोपाठ माणूस उडाला. पायऱ्यांवर त्याची हनुवटी फुटली. आग्याने त्याला उचलून बसवलं, स्वतःच्या रुमालाने रक्त पुसलं, आणि मग "चालतात हो" आठवून पुन्हा एक ठेवून दिली.

पण त्याची जीभ. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. द्राक्ष चावून तो सांगायचा, हे वरच्या विहिरीजवळच्या ओळीतलं, हे सावलीतलं. वाईनचा घोट घेतला की दोन सेकंदांत पचकन थुंकायचा आणि निकाल द्यायचा. चाखणं हीसुद्धा त्याच्यासाठी एक मारामारीच होती. फरक एवढाच, की तिथे तो कधी चुकीच्या माणसाला मारत नसे.

आम्ही फेसाची वाईन करत असू. साधी वाईन तयार झाली की थंडी सरताना तिच्यात मोजून साखर आणि यीस्ट घालायचं, बाटल्यांत भरायचं, पत्र्याची टोपणं ठोकायची आणि बाटल्या तळघरात आडव्या रचायच्या. बंद बाटलीत यीस्ट साखर खातं, वायू सोडतं, वायूला वाट मिळत नाही, तोच पुढे फेस होतो. बाटल्या रोज थोड्या फिरवायच्या, आणि हिवाळ्यात टोपण काढून गळ्याशी जमलेला गाळ उडवला की बूच लावून तारेने बांधायचं. साखर लिटरला चोवीस ग्रॅम. कमी पडली तर वाईन मेलेली निघते. जास्त पडली तर बाटलीचा बॉम्ब होतो.

टेकडीवर आमच्यासारखे नऊ छोटे बागवाले होते. खाली सपाटीवर मोठा कारखाना होता, तो सगळ्यांची द्राक्षं घ्यायला टपलेला. त्याला न देता स्वतःची वाईन स्वतःच्या नावाच्या लेबलखाली काढायची म्हणून या नऊ जणांनी गट केला होता आणि द्राक्षं दाबायचं एक मशीन मिळून घेतलं होतं. मशीन वापरायचं तर एक अट होती. दर हिवाळ्यात चाखणी व्हायची. प्रत्येक बागेतून एक चाखणारा. बाटल्या कागदात गुंडाळलेल्या, वर फक्त आकडा. घोट घ्यायचा, बादलीत थुंकायचा, आणि चिठ्ठीवर 'चालेल' किंवा 'नाही' लिहायचं. पाच 'चालेल' पडले की पास. ज्याची वाईन लागोपाठ तीन वर्षं नापास, त्याचं मशीन बंद. मशीन नाही तर द्राक्षं कारखान्यात.

गटाच्या पहिल्याच वर्षी आग्या नापास झाला. एक बागवाला होता, सतत खोकायचा, म्हणून त्याला खोकला म्हणत. तो म्हणाला, "ओल्या फडक्याचा वास येतोय." आग्याने थुंकायची बादली उचलून त्याच्या डोक्यावर उपडी केली आणि वरून बुक्की मारली. खोकल्याच्या कानाला चार टाके पडले. तेव्हापासून मास्तरीणबाईंनी आग्याला चाखायला बंदी केली. या बाई शाळेतून निवृत्त होऊन बाग करत होत्या आणि गट वर्गासारखा चालवत होत्या. "तुझ्या बागेतून तुझे दाजी येतील. ते निदान माणसात आहेत." आग्या फक्त भिंतीपाशी उभा राहू शकत होता.

दुसऱ्या वर्षी तो पुन्हा नापास झाला. चार 'चालेल', पाच 'नाही'. घरी जाताना त्याने हॉलचं दार बिजागरीतून उखडलं.

त्या पाचांत एक चिठ्ठी माझी होती.

मला आमची बाटली ओळखू आली नाही. जी मी स्वतः भरली, रोज फिरवली, तिची चव ओळखू आली नाही, यावर कुणी हसलं तर मी रागावणार नाही. मला ती कडू लागली आणि मी 'नाही' लिहिलं. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. बायको पोटात ठेवणारी आहे. पण थंडी सरताना भावाबहिणीचं कशावरून तरी वाजलं, आणि आग्या म्हणाला, "तुझा नवरा माझ्या जिवावर जगतोय." तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "जगतोय ना, पण खोटं बोलून नाही! तुझी वाईन कडू होती म्हणून त्यांनीच नापास केली, त्यांनी!"

मी तळघरात नळ्या धूत होतो. तो आला, नीट माझ्यासमोर उभा राहिला आणि मला थोबाडीत मारली. मी मागच्या रॅकवर आदळलो. डावी दाढ हलली, कानात शिट्टी वाजायला लागली ती संध्याकाळपर्यंत.   त्याचा चेहरा मात्र असा झाला होता की मार त्यालाच बसलाय. बहिणीच्या नवऱ्यावर हात टाकला होता. ते त्याच्या हिशेबात कुठे बसेना.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. बायको मध्ये उभी राहून निरोप द्यायची.

"तुझ्या नवऱ्याला सांग, टाकी धुवायचीय."

"अहो, टाकी धुवायचीय."

"दादांना सांग, धुतली."

"दादा, धुतली. आणि मला पगार द्या दोघांनी, टेलिफोन म्हणून ठेवलंय मला."

आता मुख्य गोष्ट. आमच्या तळघरात काही लिहून ठेवायची पद्धत नव्हती. ओरडणं हीच आमची वही. साखर टाकीत घालायचं काम माझं. मी घातली की ओरडायचो, "साखर पडली!" वरून तो ओरडायचा, "कळलं!" मग तो खाली येऊन यीस्ट घालायचा. चौदा वर्षं असं चाललं होतं. त्या दिवशी बायको तापाने घरी झोपली होती. मी सकाळी बावीस किलो साखर विरघळवून टाकीत सोडली, आणि ओरडलो नाही. गाल अजून दुखत होता. कुणासाठी ओरडायचं? हात धुतले आणि घरी गेलो.

दुपारी तो आला. त्याला वाटलं, दाजी रुसून निघून गेले, काम तसंच टाकलं. त्याने रागात टाकी न चाखताच स्वतः बावीस किलो मोजली आणि टाकीत घातली. वर यीस्ट सोडलं. यीस्ट पडल्यावर तो कधी चाखत नसे, जीभ दिवसभर बिघडते म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या भरायला गेलो तर साखरेचं दुसरं पोतंही निम्मं झालेलं. मी ते पाहिलं आणि मला सगळं कळलं. टाकी अजून भरलेली होती. एक वाक्य बोललो असतो तर काहीतरी करता आलं असतं. तो टोपणं ठोकायचं यंत्र जुळवत होता, पाना हातात, आणि पाना नीट बसेना म्हणून यंत्राला शिव्या घालत होता.  मी बाटली नळाखाली धरली. मग दुसरी धरली. दिवसभरात बाराशे भरल्या.

उन्हाळा चढला तशी तळघराची भिंतसुद्धा कोमट लागायला लागली. एका दुपारी मी दारात बसून बुचं निवडत होतो. आतून ठाप्प असा आवाज आला. एखादी फुटतेच, म्हणून मी हललो नाही. मग लगेच दुसरा. मग एकदम वीस-पंचवीस, जणू आत कुणी पत्र्याच्या छपरावर दगडांचा ट्रक रिकामा केला. एक फुटली की तिची काच शेजारणीवर, ती फुटली की पुढची. दाराखालून फेस बाहेर आला, त्यात हिरव्या काचा तरंगत होत्या. आग्या बागेतून धावत आला.

"जाळी कुठंय?" तो ओरडला. महिन्यांनंतर थेट माझ्याशी बोललेला पहिला शब्द. तोंडावर बांधायची तारेची जाळी वरच्या खोलीत होती. मी म्हणालो, "आणतो." तो थांबला नाही. पुढची रास वाचवायची तर मधल्या फळ्या ओढून काढायला हव्या होत्या, आणि थांबणं त्याच्या अंगात नव्हतं.

मी जाळी घेऊन परत आलो तेव्हा तो आत दोन राशींच्या मध्ये उभा होता, हातात फळी. दोन्ही बाजूंनी बाटल्या उडत होत्या. बुडं सुटून समोरच्या दगडावर फुटत होती, गळे छताला लागत होते. काचेचा एक तुकडा माझ्या दंडात घुसला, मला तो रात्री बायकोने दाखवला तेव्हा कळला. आग्या बाटल्यांना शिव्या देत होता, नावं ठेवत होता, जणू त्या मुद्दाम करतायत. फळी त्याने ओढली. मग एकदम गप्प झाला. वळला, तर अर्धा चेहरा नव्हताच, नुसतं लाल. "दाजी," तो म्हणाला, "माझ्या डोळ्यात काय गेलंय बघा." बघण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं.

दवाखान्यात डावा डोळा काढला. चौथ्या दिवशी तो पट्टी बांधून तळघरात हजर. उरलेल्या राशींवर गोधड्या टाकल्या, त्या भिजवल्या. तरी रोज फुटायच्या. गोधडीखाली धप्प, धप्प. बायको म्हणायची, "आत कुणाला कोंडून मारतायत असं वाटतं."

आग्याने कारण शोधलं. जुन्या बाटल्या. त्या विकणारा भंगारवाला गावाच्या टोकाला राहायचा. आग्या एकाच डोळ्याने अंतर चुकत, ठेचकाळत तिथवर गेला आणि त्याने त्या माणसाचं अख्खं दुकान लोखंडी गजाने फोडलं. काउंटर, तराजू, खिडकी. शेवटी त्याचे पुढचे दोन दात. "माझा डोळा घेतलास, भडव्या!" भंगारवाला हात जोडून रडत होता. मी दहा पावलांवर उभा होतो. आजही तो माणूस हसला की मी मान वळवतो. तेव्हाही मी बोललो नाही.

हिवाळ्यापर्यंत बाराशेतल्या सत्तावीस उरल्या. तिसरी चाखणी. ही गेली तर मशीन जाणार होतं, आणि वडिलांच्या बागेतली द्राक्षं कारखान्यात जाणार होती.

निघताना बायकोने माझी कॉलर धरली. "या वेळी 'चालेल' म्हणायचं. विष असलं तरी."

"बरं."

"बरं नाही. म्हणून दाखवा."

"चालेल," मी म्हणालो.

हॉलमध्ये लांब टेबल, मध्ये बादली, नऊ खुर्च्या. आमची बाटली पाचवी होती. मास्तरीणबाईंनी तार सोडवली मात्र, बूच त्यांच्या हातातून सुटलं, छताचा दिवा फोडला आणि काचा टेबलावर पडल्या. तीन माणसं टेबलाखाली गेली. फेस खोकल्याच्या छातीवर. निम्मी बाटली जमिनीवर सांडली. कुणाची बाटली हे आता विचारायची गरज नव्हती. आग्या भिंतीपाशी उभा होता, काळी पट्टी बांधून.

बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "चिठ्ठ्या राहू देत. तोंडानेच सांगा."

प्रत्येकाच्या पेल्यात चमचाभर आली. मी घोट घेतला. गोड, चिकट, आणि मागून कच्च्या कणकेसारखा यीस्टचा वास. घशात गेल्यावर टोचणारी. वाईट होती. अगदी वाईट.

पहिला म्हणाला, "चालेल." दुसरा म्हणाला, "चालेल." कुणी पेल्याकडे बघत नव्हतं, सगळे पट्टीकडे बघत होते. खोकला खोकला आणि म्हणाला, "चालेल, चालेल. जोर आहे हिच्यात." चौथा, पाचवा, सहावा. पास झालीच होती. मी म्हणालो, "चालेल."

आग्या भिंतीपासून सुटला. टेबलाशी येऊन त्याने खोकल्याचा पेला उचलला, घोट घेतला आणि दोन सेकंदांत पचकन थुंकला. बादलीत नाही, टेबलावर.

"जोर आहे?" तो म्हणाला. त्याने खोकल्याला गळ्याला धरून खुर्चीतून वर उचललं. "जोर आहे काय रे? माझ्या बागेतून निघालेलं हे मुताड, आणि तू चालेल म्हणतोस? नापास कर. कर नापास, नाहीतर दुसरा कान फाडतो."

"अरे, आम्ही तुझ्यासाठीच..." खोकल्याचा चेहरा निळा पडला होता.

"खाली ठेव त्याला!" मास्तरीणबाई ओरडल्या.

त्याने ठेवला, म्हणजे टाकला. खुर्ची मोडली. मग तो माझ्याकडे वळला.

"दाजी, गेल्या वर्षी या टेबलावर खरं बोलणारे तुम्ही होतात. मी मारलं तुम्हाला. चूक माझी होती, वाईन कडूच होती. आता हे काय? तुम्हीपण डोळ्याची भीक घालताय मला?"

मला उठून उभं राहायचं होतं, जमलं नाही. बसूनच म्हणालो, "दादा, साखर दोनदा पडली. सकाळी मी घातली होती. ओरडलो नाही. दुसऱ्या दिवशी पोतं बघितलं तेव्हा कळलं मला. भरायच्या आधी. मी बोललो नाही."

हॉलमध्ये खोकलासुद्धा खोकला नाही.

आग्याने टेबलाच्या कडेला दोन्ही हात घातले आणि ते लांबच्या लांब टेबल उलटं केलं. पेले, बाटल्या, बादली, सगळं. चार बागवाल्यांच्या वर्षभराच्या बाटल्या जमिनीवर फुटल्या. टेबलाची कड माझ्या गुडघ्यावर आली, मी खुर्चीसकट मागे पडलो. तो माझ्यावर वाकला. एकच डोळा, त्यात रक्त उतरलेलं. मी हात तोंडावर घेतले आणि वाट बघितली.

काही झालं नाही. बऱ्याच वेळाने त्याचा आवाज आला, माझ्याशी नव्हे. "लिहा बाई. पाचवी बाटली, नापास."

"मतं पडलीत," बाई म्हणाल्या. "पास आहे ती."

"ती कसली मतं? मला विचारा ना. नापास." त्याने गळ्यातली, त्याच्या वाट्याची मशीनच्या खोलीची किल्ली काढली आणि त्यांच्या वहीवर ठेवली. 

उतारावरून आम्ही दोघं चालत आलो. मी लंगडत, तो दगडांना ठेचाळत. अर्ध्या वाटेवर तो थांबला.

"का नाही बोललात?"

"भीती वाटली."

"कुणाची?"

"तुमची, दादा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं होतं, हे त्याला माहीत असेल. सगळ्या टेकडीला माहीत होतं. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"एवढी?" तो म्हणाला. "डोळा जाईपर्यंत?"

मी मान डोलावली. तो वाटेच्या कडेला दगडावर बसला, बराच वेळ. मी उभाच राहिलो.

पुढे अकरा वर्षं त्याची द्राक्षं कारखान्यात गेली. गाडी भरताना तो एकेका ओळीतलं एक द्राक्ष चावायचा, थुंकायचा, आणि मग टोपली उचलू द्यायचा. भंगारवाल्याला त्याने दात बसवून दिले, दुकान स्वतः राबून उभं केलं. हात सुटायचा थांबला असं मात्र नाही. कारखान्याच्या काट्यावरच्या माणसाशी त्याची दोनदा जुंपली, आणि एकदा त्याने गाडीच्या चालकाला मिरवणुकीसारखं फरफटत नेलं. पण काही बिघडलं, मोडलं, माझ्याकडून चुकलं, की मी त्याला त्याच दिवशी सांगायचो. तो टेबलावर मूठ आपटायचा, भिंतीवर काहीतरी फेकायचा, आणि मग विचारायचा, "बरं, आता काय करायचं?" मी सांगायचो. मध्ये टेबल ठेवून.